आठव्यातलं पोर

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अक्षरओळख नव्हती. पण कुणाची म्हैस कधी विणार आणि कुणाच्या सुनेचे दिवस कधी भरणार, हे त्या बोटांची पेरं मोजून सांगायच्या आणि अख्खी गल्ली ते धरून चालायची. मीही धरून चालले. एरवी माझं तोंड कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. मी वडूजकडची, कोरड्या रानातली. तिकडच्या पोरी तिखट असतात असं सासरची माणसं म्हणायची आणि मी त्यांचं म्हणणं कधी खोटं पाडलं नाही. पण महिने मोजायच्या बाबतीत मी चकार शब्द काढला नाही. एकोणीस वर्षांची पहिलटकरीण मी. त्या गोष्टी तोंडानं बोलायची लाज वाटायची. ती लाज मला केवढ्याला पडली असती, हे मला पुढं कळलं.

सत्तरच्या दशकातली शेवटाकडची वर्षं होती. सासर पलूसजवळ, उसाच्या गावात. नवरा फौजेत. दीड वर्षानं तो दहा दिवसांच्या रजेवर आला आणि वटपुनवेच्या दिवशी परत गेला. मी वडाला सूत गुंडाळून घरी आले तर हा ट्रंक बांधून उंबऱ्यात उभा. सात जन्म मागून आले होते, बोलायला सात मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. मी रडले नाही, चिडले. एसटी वळणाआड गेली, मग रडले.

पुढं मला दिवस राहिले. आत्याबाईंनी मोजणी धरली ती वटपुनवेपासून, कारण ल्योक घरात होता तो त्या दिवसापर्यंत. त्या पुनवेवर मोजायच्या. आखाडाची पुनव झाली, एक. नारळी पुनव झाली, दोन. प्रत्येक पुनवेचं त्यांच्याकडं काहीतरी खाणं किंवा काहीतरी काम ठरलेलं असायचं, त्यामुळं त्यांना लिहून ठेवायची गरजच पडायची नाही. कोजागिरीचं दूध आटवताना त्यांनी अंगठा चौथ्या पेरावर ठेवला आणि माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "चौथ्यातच लाथा मारतंय. लय आगाव हाय. बापावर गेलंय." सगळ्या हसल्या. मीही हसले. पोट जरा जास्तच पुढं आलं होतं, पण पहिलटकरणीला काय कळतंय? पाणी जास्त असेल म्हणाल्या, मी हो म्हणाले.

घरात अजून एक बाई होती, माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. अक्का कामाला वाघ, बोलायला कमी. तिला मूल नव्हतं. म्हणजे झालं होतं, राहिलं नव्हतं. हे मला गल्लीतल्या बायकांनी आडून आडून सांगितलं होतं, पण तिनं स्वतः सांगितलं ते मला सहावा लागल्यावर, आम्ही दोघी परड्यात कडबा रचत होतो तेव्हा. मी पेंढी वर फेकायला गेले, तिनं माझ्या हातातून हिसकावून घेतली आणि म्हणाली, "तू नगं. आठवा तेवढा सरू दे."

मग तिनं सांगितलं. तीन वर्षांमागं, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, तिला आठव्यात कळा आल्या. आमच्याकडं सातव्यात झालेलं पोर जगतं, नवव्यातलं तर जगतंच, पण आठव्यातलं जगत नाही. हे कुणाचं मत नव्हतं. चुलीत हात घातला की भाजतो, तितकं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिला मुलगा झाला. रडलासुद्धा. त्याला कापसावर ठेवून सुपात घातलं आणि सूप कोपऱ्यात ठेवलं. कुणी त्याला छातीशी धरलं नाही, कुणी शेगडी केली नाही. कुणी मारलं नाही, फक्त कुणी झटलं नाही. आत्याबाई दिवसभर अक्काचा हात धरून बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, "जीव लावू नगस बाई. लावलास की जड जातं." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं.

एवढं सांगून अक्का परत कडबा रचायला लागली. मी तिथंच खाली बसले.

तेव्हापासून मला भीती लागली ती कायमची. खरं सांगते, मरायची भीती नव्हती. मला त्या सुपाची भीती वाटायची. सासरी सूप भिंतीला टांगलेलं असायचं, जोंधळा पाखडायला आत्याबाई ते काढायच्या, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. "हिला धूळ सोसवंना," त्या म्हणायच्या. मी म्हणायची, व्हय.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात वडील मला न्यायला आले, धोतरावर नवा पटका बांधून, आईनं दिलेलं लाडवांचं गाठोडं घेऊन. तेव्हा पूस लागला होता. पौषात लेकीसुनांना पाठवायचं नाही, भाकड महिना. आत्याबाईंनी वडिलांना जेवायला वाढलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "इवाई, पूस सरला की आठवा लागतुया. आठव्यात येस वलांडायची न्हाई. माघाची पुनव झाली की नववा लागंल. दुसऱ्या दिशी गाडी जुपून या." वडील मान डोलावून एकटे परत गेले. मी त्यांच्या मागं वेशीपर्यंतही गेले नाही, कारण मला जाऊ दिलं नाही. लाडू मात्र मी सगळे खाल्ले, रागानं.

म्हणजे बघा, पलूसला दवाखाना होता, सांगलीला तर मोठा दवाखाना होता, पण वेस ओलांडायची नाही म्हटल्यावर ते सगळं लंडनला असल्यासारखं. मी एक महिना त्या घरात पुनवेची वाट बघत बसले. पायरी उतरताना भिंत धरायची, शिंक आली तरी दाबायची. खोकला आला की जीव घाबरायचा, धक्क्यानं काही व्हायचं म्हणून. रोज संध्याकाळी परड्यात जाऊन चंद्र बघायची. तो कोर होता, अर्धा झाला, अर्ध्याच्या वर गेला. मनात पोराशी बोलायची. थांब रं माझ्या राजा, पुनव होऊ दे, मग ये कवाबी.

पुनवेला पाच दिवस उरले आणि सकाळी, भाकरी थापताना, कंबरेतून पहिली कळ गेली.

मी काय केलं असेल? काही नाही. कुणाला सांगितलंच नाही. वेड्या डोक्यात असं आलं की कुणाला कळलं नाही तर ते खरं होणार नाही. दात आवळून भाकरी थापत राहिले. कळ यायची, मी काठवटीची कड घट्ट धरायची; कळ जायची, मी पुढची भाकरी घ्यायची. पाच दिवस. फक्त पाच दिवस. मांड्या एकीला एक लावून बसले होते, जणू दार लावून घ्यावं तसं. घरातली पुरुष माणसं उसाच्या फडात गेली होती, तोड चालू होती. आत्याबाई सोप्यात हरभरा निवडत होत्या. मला वाटलं, जमलं.

अक्का चुलीशी होती. तिनं माझ्या हातची भाकरी तव्यात टाकली, ती मधोमध तुटली. दुसरीही तुटली. तिसरीला तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"कवाधरनं?" तिनं विचारलं.

"कशाचं कवाधरनं? काय न्हाई."

"कवाधरनं गं?"

मी तिचा पदर धरला. "अक्का, पाया पडते तुमच्या, सांगू नगा. पाच दिस राहिल्यात. मी दाबून धरते. सांगू नगा."

अक्काचा चेहरा मला अजून दिसतो. पांढरीफटक पडली. तिनं जळण चुलीतून मागं ओढलं, माझ्या काखेत हात घालून मला उठवलं आणि तेवढ्यात माझ्या पायांवरून पाणी गेलं. लुगडं भिजलं, जमीन भिजली. आता काही लपायचं राहिलं नाही. मी मोठ्यानं हंबरडा फोडला, तो कळेचा नव्हता.

आत्याबाई धावत आल्या. जमिनीकडं बघितलं, मग पेरांकडं बघितलं. अंगठा आठव्या पेरावर टेकला आणि तिथंच थांबला. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "आरं देवा. परत?"

अक्का सुईणीला बोलवायला गेली. सुईण म्हातारी होती, गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, सगळे तिला मावशी म्हणायचे. सरकारी दवाखान्यात तिला चार दिवस शिकवून एक पत्र्याची पेटी दिली होती. पेटीत कात्री, दोरा, साबणाची वडी. म्हातारी त्यातच तंबाखूची पुडी ठेवायची. ती आली, हात धुतले, माझ्या पोटावर हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली.

"कितवा म्हनलासा?" तिनं आत्याबाईंना विचारलं.

"आठवा. सरायला पाच दिस हायत."

"हं," म्हातारी म्हणाली. अजून काहीतरी बोलणार होती, पण आत्याबाईंच्या मोजणीपुढं कोण बोलणार? ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग आहे.

मधल्या घरात गोणपाट टाकलं. आढ्याला दोर बांधला, तो मी दोन्ही हातांनी धरला. अक्का पाठीमागून मला धरून बसली, तिचे गुडघे माझ्या कुशीला. दार उघडं होतं, परड्यातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. बाहेर कुठंतरी उसाची गाडी चालली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. सगळं जग आपापल्या कामाला लागलेलं आणि मी इथं एक पोर जन्माला येऊ नये म्हणून जोर आवरत होते.

"दे की गं जोर," म्हातारी ओरडली.

"न्हाई देत!"

"मरशील!"

"मरू दे!"

"आगं, त्ये घुसमटंल आत! आठवा असू दे न्हाईतर धावा असू दे, दारात आलेल्याला म्हागारी लावता येत न्हाई!"

घुसमटेल म्हटल्यावर मी हबकले. अक्का माझ्या कानाशी लागली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "दे जोर. ह्या बारीला मी हाय." मी जोर दिला. किती वेळ दिला ते माहीत नाही. ऊन उंबरा ओलांडून आत आलं होतं एवढं आठवतं. मी नवऱ्याला शिव्या दिल्या, फौजेला दिल्या, पूस महिन्याला दिल्या. आत्याबाईंना देणार होते, तेवढ्यात पोर बाहेर आलं.

आणि घरात काही आवाज झाला नाही.

मला म्हातारीची पाठ दिसत होती फक्त. तिनं पोराला पालथं धरलं, तोंडातलं बोटानं काढलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. मग मांजराच्या पिलासारखं बारीक कण्हणं आलं आणि परत गप्प.

"पोरगा हाय. थाळी आना," म्हातारी म्हणाली.

पोर रडेना की त्याच्या कानाशी काशाची थाळी बडवायची आमच्याकडं रीत. ते दचकतं आणि श्वास घेतं. अक्का माझ्या पाठीमागून उठली. थाळी आणि लाटणं घेऊन आली. आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थाळी नगं."

"आत्याबाई..."

"नगं म्हनते न्हवं! आठव्याचं हाय. थाळी वाजली की गल्ली गोळा हुती, कुणाला काय दावायचं? आनि तुमी दोगी परत जीव लावून बसचीला. नगा लय झटू. त्येचं त्येला जाऊ द्या."

त्या हे रागानं म्हणत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, नाकातून चाललं होतं, पण मनगट त्यांनी सोडलं नाही. दुष्ट बाईशी मला भांडता आलं असतं. ही मला रोज ताटात शेवटचा घास वाढणारी बाई होती आणि ती माझ्या पोराला जाऊ द्या म्हणत होती.

मी किंचाळले. "हात सोडा! माझं पोर हाय त्ये! सोडा, न्हाईतर ह्या घराला आग लावीन मी!" उठायला गेले, पण वार अजून पडायची होती, नाळ तशीच होती, आणि पायांत जोर कुठला? दोर हातातून सुटला आणि मी गोणपाटावर आडवी झाले. भिंतीवरचं सूप नेमकं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी डोळे मिटून घेतले.

म्हातारी पोराच्या छातीवर बोटांनी चोळत होती, मधेच तोंडावर फुंकर घालत होती. ती म्हणाली, "बाई, जरा इकडं या. ह्येची नखं बघा."

"काय बघू नखात?"

"बोटांच्या म्होरं आल्यात. आठव्याच्या पोराला अशी नखं नसत्यात. अंगावर लव न्हाई, तळव्याला रेघा भरल्यात. मला मगाशीच पोट मोठं वाटलं. ह्ये आठव्याचं न्हाई. भरल्या दिसांचं हाय."

मला केवढा आनंद झाला! डोळे उघडून मी आत्याबाईंकडं बघितलं आणि तो आनंद तिथंच विझला. त्यांचं रडणं थांबलं होतं. त्या माझ्याकडं बघत होत्या, पोराकडं नाही.

"भरल्या दिसांचं?" त्या सावकाश म्हणाल्या. "माझा ल्योक वटपुनवंला गेला. त्याच्या आदी धा दिस घरात हुता. त्याच्या आदी दीड वरीस त्यानं गाव बघितलं न्हाई. मग ह्ये भरल्या दिसांचं कसं?"

अक्काच्या हातात थाळी तशीच. त्या एका क्षणात मला जे वाटलं ते मी वैऱ्यासाठीही मागणार नाही. आठव्याचं असेल तर पोर जाणार. भरल्या दिवसांचं असेल तर मी जाणार, आणि मी गेल्यावर पोराला कोण ठेवतंय? दोन्हीकडून त्याचं मरणच. आणि मला माहीत होतं की मी काही केलेलं नाही. देवाशपथ माहीत होतं. पण आत्याबाईंची मोजणी चुकत नाही हेही मला तितकंच माहीत होतं, आणि त्या घटकेला माझाच माझ्यावर विश्वास बसेना. असं कसं झालं? असं झालंच कसं?

मी मोजायला लागले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा, स्वतः. पुनवा मला आठवेनात. मला आठवत होत्या ओकाऱ्या. पहिली मोठी ओकारी कधी? अनारसे खाल्ल्यावर. माहेरहून तेहतीस अनारसे आले होते, पितळी डब्यात, जावयासाठी. जावई कुठं सीमेवर, म्हणून मीच खायला बसले, तीन खाल्ले आणि परड्यात जाऊन भडाभडा ओकले. तेहतीस अनारसे जावयाला कधी देतात?

"धोंडा!" मी ओरडले.

त्या तिघींना वाटलं मला वात झाला.

"आत्याबाई, धोंडा! औंदा धोंडा आलता! धोंड्याची पुनव धरली न्हाईसा तुमी! अनारसं ओकले तवा माझी पाठ कुनी चोळली? तुमीच न्हवं? आखाड सरलावता आनि नारळी पुनव यायची हुती! मग मधली पुनव कुठं गेली? सांगा की!"

दर तिसऱ्या वर्षाला पंचांगात एक जादा महिना शिरतो, तो धोंड्याचा महिना. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता, आधी धोंड्याचा, मग खरा. धोंड्याच्या महिन्यात सण नाही, लग्न नाही, काही नाही. जावयाला वाण दिलं की संपलं. त्या महिन्याची पुनव आली आणि गेली. तिला ना राखी ना नारळ ना दूध, म्हणून ती आत्याबाईंच्या पेरावर बसलीच नव्हती. माझं पोर आठव्यात नव्हतं. नववा संपत आला होता.

आत्याबाईंचा अंगठा पेरांवरून सरकायला लागला. ओठ हलत होते. मनगट कधी सुटलं ते त्यांना कळलंही नसेल. अक्कानं वाट बघितली नाही. ती पोराजवळ गुडघ्यावर बसली आणि थाळीवर लाटणं असं काही हाणलं की माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. एकदा, दोनदा, पाचदा, दहादा. थांबेचना. म्हातारी ओरडत होती, पोर हलवत होती. मग पोराचं अंग ताठ झालं, हात दोन्ही बाजूंना फेकले गेले आणि ते रडलं.

रडलं म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं! अक्का तरी थाळी बडवतच होती. म्हातारीनं तिच्या हातातून लाटणं ओढून घेतलं.

वार पडली, नाळ कापली. गल्लीतल्या बायका दाराशी आल्याच. आत्याबाई डोळे पुसून त्यांना सामोऱ्या गेल्या आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "नातू झाला! नववा भरून, अगदी भरल्या दिसांचा!" जसं काही त्यांनी पहिल्यापासून तेच सांगितलं होतं. त्याही अवस्थेत मला हसू आलं. मग त्या आत येऊन माझ्या पायाशी बसल्या. माझ्या पावलांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पेर चुकलं गं." सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. मी पाय ओढून घेतले नाहीत. माझा राग गेला नव्हता. पण भीती गेली होती, आणि भीती गेल्यावर अंगाला असा कापरा सुटला की अक्कानं माझ्यावर दोन वाकळा घातल्या.

पोराची पहिली अंघोळ मोरीत होती, मोरी मधल्या घराला लागून. म्हातारी पाटावर पाय लांब करून बसली, पोराला पायांवर घेतलं. अक्का तांब्यानं पाणी घालत होती. मी पडल्या पडल्या बघत होते. केवढं धडधाकट दिसत होतं ते! आत्याबाई दाराशी दाई-बाळंतिणीसाठी शिरा करायचा म्हणून रवा चाळत होत्या.

दोन तांबे घातले आणि अक्काचा हात थांबला.

"मावशी," ती म्हणाली, "धोंडा दर तिसऱ्या वर्साला येतो न्हवं?"

"व्हय की. घाल पानी."

"म्हंजी माझ्या वक्तालाबी आलावता."

म्हातारीनं वर बघितलं नाही. ती पोराच्या मानेखालचं पुसत राहिली.

"त्या वर्साला गणपती उशिरा बसला हुता," अक्का म्हणाली. "भादवा दोनदा आलता. मी आत्याबाईंना इचारलंबी हुतं, औंदा गणपती एवढा लांब कसा म्हणून." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कडबा रचताना होता तसाच. "मावशी, माझ्या पोराची नखं कशी हुती?"

दाराशी चाळणीचा आवाज थांबला.

"काय काढून बसलीस गं आता," म्हातारी म्हणाली. "बारीक हुतं त्ये. नखं कुठली? नखंच न्हवती त्याला. आठव्याचंच हुतं त्ये लेकी, आठव्याचंच."

"हुती," अक्का म्हणाली. "सुपात पडल्या पडल्या त्यानं सोताचा गाल वरबाडला हुता. रगात आलतं. मी बघितलंय."

माझं पोर म्हातारीच्या पायांवर रडत होतं. अक्कानं तांब्यात बोट बुडवून बघितलं, पाणी गार झालं होतं. तिनं त्यात थोडं ऊन पाणी मिसळलं, परत हात घालून बघितलं आणि हळूहळू त्याच्या अंगावर घालायला लागली.